रिव्ह्यू माझा, नाव सरांचं

वैद्यकीय नियतकालिकांच्या सर्व संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

मी निवासी डॉक्टर आहे, तिसऱ्या वर्षाला. तुमच्यापैकी एकांच्या नियतकालिकासाठी मी एक रिव्ह्यू, म्हणजे आलेला पेपर छापण्यालायक आहे का हे तपासून संपादकांना द्यायचा अभिप्राय, लिहिलेला आहे आणि हे त्यांना माहीत नाही.

झालं असं. पहिल्या वर्षाच्या शेवटी नाइट ड्यूटी चालू होती. सव्वा वाजता एक अ‍ॅडमिशन निस्तरून जरा टेकले, तोच सरांचा मेल आला. "जरा बघून ठेव. सोमवारी द्यायचंय." खाली पेपर जोडलेला, आणि त्याच्या प्रत्येक पानावर आडवं, फिकट अक्षरात 'गोपनीय'. मी तोवर आयुष्यात रिव्ह्यू केलेला नव्हता. रिव्ह्यूमध्ये काय लिहायचं असतं, किती लिहायचं असतं, कुणाला उद्देशून लिहायचं असतं, काही माहिती नव्हती. म्हणून जे करता येत होतं ते केलं: पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले आणि तक्त्यातला एकेक आकडा तपासला.

तक्ता दोन. एका गटात ६१ पेशंट. त्याच्याच खाली पुरुष ३४, स्त्रिया २९. आधी मनात बेरीज केली. झोप झालेली नाही म्हणून चुकत असेल असं वाटलं, मग मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केली. ६३. दोन माणसं कुठून तरी जास्तीची आली होती. (पेपरचा विषय सांगत नाही आणि आकडेही मुद्दाम बदललेत. गोपनीयतेचा एक भंग आधीच पदरी आहे, दुसरा नको.)

तीन रात्री खपून तीन पानं लिहिली. सरांनी ती वाचली, दोन वाक्यं काढली, "छान झालंय" म्हणाले आणि स्वतःच्या लॉगिनमधून पाठवून दिली. पाच महिन्यांनी तो पेपर छापून आलेला दिसला. तक्ता दोन उघडला. स्त्रिया २७. वॉर्डच्या दारात उभी राहून मी त्या आकड्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. वैद्यकीय वाङ्मयात माझं आजवरचं योगदान म्हणजे तो एक आकडा. आणि ते कुणाला सांगायचीही सोय नाही, कारण तो पेपर मी पाहिला असायलाच नको होता.

सरांबद्दल तक्रार नाही. त्यांनाही त्यांच्या सरांनी असंच शिकवलं. तुम्ही महिन्याला चार-चार पेपर पाठवता, त्यांची ओपीडी संपायला संध्याकाळ होते, आणि समोर एक हुशार (हे त्यांचं मत) रेसिडेंट असते. हा रस्ता इतका रुळलेला आहे की त्यावरून जाताना कुणालाच आपण चोरवाटेने चाललोय असं वाटत नाही. २०१९ मध्ये 'ईलाइफ' या संशोधन-नियतकालिकात सुमारे पाचशे तरुण संशोधकांची पाहणी छापून आली. त्यातल्या तीनचतुर्थांशांनी वरिष्ठांबरोबर रिव्ह्यूचं काम केलेलं होतं आणि बहुतेकांना त्यातून शिकायला मिळालं होतं. पण जवळपास निम्म्यांनी कधी ना कधी दुसऱ्याच्या नावावर रिव्ह्यू लिहून दिला होता. हे गैर आहे असं त्यांच्यातल्याच बहुसंख्यांना वाटत होतं. ती पाहणी काही फक्त डॉक्टरांची नव्हती, तरी वाचताना आमच्याच रेसिडेंट रूमची शिरगणती वाचल्यासारखं वाटलं.

नियम नाहीत असंही नाही. १९७८ साली व्हँकुव्हरला जमलेल्या मोजक्या संपादकांपासून सुरू झालेली तुमची ती आंतरराष्ट्रीय समिती, आम्ही जिला आयसीएमजेई म्हणतो, तिच्या शिफारशींत स्पष्ट लिहिलंय की पेपर गोपनीय ठेवायचा, आणि शिकाऊ डॉक्टरची मदत घेतली तर संपादकांना पाठवायच्या शेऱ्यांत तसं नमूद करायचं. म्हणजे मदत घ्यायला मनाई नाही. फक्त सांगायचं. हे मी त्या तीन रात्रींनंतर वर्षभराने वाचलं. वाचलं तेव्हा आणखी एक गोष्ट आठवून पोटात गोळा आला: त्या तक्त्याबद्दल मी रूममेटलाही विचारलं होतं, कारण दुसरं विचारायला कुणी नव्हतं.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. आम्ही केलेल्या कामावर आमचं नाव, आणि त्या कामात काय चुकलं हे सांगणारं कुणीतरी. पत्र लांबलंय, पण मागणी एवढीच आहे.

यात तुमचा काय फायदा, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी एकदा एका पेपरात मुद्दाम आठ उणिवा पेरल्या आणि तो ४२० रिव्ह्यूअरना पाठवला. २२१ जणांनी उत्तर दिलं. सरासरीने प्रत्येकाला आठांतल्या दोन सापडल्या, आणि सोळा टक्क्यांना एकही नाही. हा निष्कर्ष १९९८ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. त्याच वर्षी त्याच ठिकाणी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, चांगला रिव्ह्यू कोण लिहितो याचा शोध घेतला होता. संख्याशास्त्राचं किंवा साथरोगशास्त्राचं शिक्षण झालेले आणि वयाने तरुण, असं उत्तर निघालं. पुढे २०११ मध्ये आपत्कालीन वैद्यकाच्या एका नियतकालिकाने आपल्या चौदा वर्षांच्या रिव्ह्यूंचे गुण तपासले, तर वर्षं जातील तसा बहुतेक रिव्ह्यूअरचा दर्जा हळूहळू उतरत गेलेला दिसला.

याचा अर्थ आम्ही मोठे तज्ज्ञ लागून गेलो असा मी काढत नाही. आम्हाला वेळ असतो असंही नाही, तो तर नसतोच. आम्ही घाबरलेलो असतो. घाबरलेला माणूस बेरजा करून बघतो.

पण आमच्यापाशी आणखी एक गोष्ट असते, जी तुमच्या रिव्ह्यूअरच्या यादीतल्या थोरामोठ्यांपाशी राहिलेली नसते. आकडा कागदावर कसा चढतो ते आम्हाला माहीत असतं. टीपीआर चार्ट घ्या, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदींचा तक्ता. श्वासाची गती मिनिटभर घड्याळ लावून मोजायची असते. मध्यरात्री, तीस पेशंट आणि एक सिस्टर असताना ती मोजली जाते का? कुठलाही चार्ट उघडा: १८, २०, १८, २०, २०. धाप लागलेला पेशंट, तरी २०. रक्तदाब बघा, शेवटी शून्य. १३०/८०, १२०/७०, १४०/९०. माणसांचे रक्तदाब काही दहाच्या पाढ्यात नसतात. आता एखाद्या पेपरात 'श्वासाच्या गतीत दोन गटांमध्ये १.४ चा फरक आढळला' असं वाक्य येतं, केसपेपरवरून मागाहून गोळा केलेल्या माहितीवर. प्राध्यापक त्याचं संख्याशास्त्र तपासतात, ते बरोबर असतं. मी त्याच्या मार्जिनमध्ये लिहीन: मोजलं कुणी?

किंवा 'पेशंटचं वजन रोज सकाळी उपाशीपोटी घेण्यात आलं' असं वाक्य. ज्याला ऑक्सिजन लावलाय, कॅथेटर आहे, ज्याला उठून उभं राहता येत नाही, त्याचं वजन रोज सकाळी कसं घेतलं? वजनकाटा कुठे होता? की पहिल्या दिवशी घेतलेलं खाली उतरवत गेले? हा प्रश्न विचारायला संशोधनाचा अनुभव लागत नाही. अलीकडेच स्वतः तसं उतरवलेलं असावं लागतं. (हो, मी उतरवलंय. नाव घालून सांगायला सांगाल तर मात्र विचार करावा लागेल.)

उलट बाजूही सांगते. आम्ही कशात कच्चे आहोत? हा प्रश्न मुळात विचारण्यासारखा होता का, हे आम्हाला कळत नाही. पंधरा वर्षांपूर्वी हेच कुणी करून बघितलं होतं आणि का सोडून दिलं, हे माहीत नसतं. आणि आम्ही कमालीचे खवचट असतो. माझ्या त्या तीन पानांतलं निम्मं पान स्वल्पविरामांवर होतं. सरांनी काढलेली दोन वाक्यं मला मागाहून आठवली. दोन्ही उद्धट होती. 'लेखकांनी मूलभूत अंकगणिताकडे लक्ष द्यावं' हे त्यांतलं एक. ते का काढलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुमच्या बाजूला बसलेल्या कुणीतरी सांगितलं असतं, की पलीकडेही कुणीतरी रात्री जागून हे लिहिलंय, तर ती गोष्ट मला दोन वर्षं आधी कळली असती.

लिहिण्याबद्दल बोलायचं तर माझी खरी शाळा एका छोट्या पत्रात झाली. संपादकांना पत्र, साडेतीनशे शब्दांच्या मर्यादेतलं. त्याआधी माझे दोन केस रिपोर्ट परत आले होते. एक तर सहा तासांत, 'आमच्याकडे फार दर्जेदार लेख येतात' या छापाच्या उत्तरासह. त्यातून काय शिकायचं? पत्र मात्र एका संपादकांच्या हाती पडलं, ज्यांना बहुधा त्या दिवशी वेळ होता. फाइल परत आली ती लाल रेघांनी भरलेली. मी लिहिलं होतं, 'पेशंट आधीच्या उपचारात अपयशी ठरला.' इंग्रजीत हे वाक्य आम्ही राउंडला दिवसातून दहादा बोलतो. मार्जिनमध्ये प्रश्न होता: अपयशी कोण ठरलं, पेशंट की औषध? पुढे मी 'लक्षणीय सुधारणा' म्हटलं होतं. प्रश्न: कुणाच्या लक्षात आली? आणि शेवटी, मला ज्याचा सगळ्यात अभिमान होता ते 'अधिक संशोधनाची गरज आहे' हे वाक्य सरळ खोडलेलं. बाजूला फक्त, "ती नेहमीच असते."

त्या दिवसापासून राउंडला कुणी "पेशंट फेल झाला" म्हणालं की माझी जीभ वळवळते.

संपादकांना आलेली पत्रं ही किरकोळ जागा आहे असं मानतात. तिथे ढकलून द्यायला शिकाऊ लोक बरे, असाही एक सूर असतो. पण 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या १६ डिसेंबर १९६१ च्या अंकात ऑस्ट्रेलियातल्या विल्यम मॅकब्राइड या प्रसूतितज्ज्ञाचं पत्र आलं, इनमीन काही ओळींचं. गरोदरपणात थॅलिडोमाइड हे औषध घेतलेल्या बायकांच्या बाळांमध्ये गंभीर व्यंगं जास्त दिसताहेत, असं त्यात होतं. आणि शेवटी वाचकांना एक प्रश्न: तुमच्यापैकी कुणाला असं दिसलंय का? इतकं नेमकं, इतकं थोडक्यात आणि शेवट प्रश्नाने. (याच गृहस्थांचं नाव पुढे दुसऱ्या एका औषधावरच्या संशोधनात लबाडी केल्याबद्दल १९९३ साली डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. एका चांगल्या पत्राने माणूस आयुष्यभर पुरत नाही.)

दुसरं पत्र याच्या अगदी उलट. जानेवारी १९८०, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन', पाच वाक्यं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषधं मिळालेल्या ११,८८२ पेशंटपैकी, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्या अवघ्या चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, असं त्यात होतं. पत्रात खोटं काही नव्हतं. पण ते पेशंट दाखल झालेले होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणारे नव्हते. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकाने त्या पाच वाक्यांचा पुढचा प्रवास छापला. ६०८ ठिकाणी उल्लेख. त्यांतल्या ७२ टक्के लेखांनी 'व्यसन लागणं दुर्मीळ' याचा पुरावा म्हणून ते पत्र दिलेलं, आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त लेखांनी ते पेशंट रुग्णालयातले होते हे सांगितलंच नव्हतं. मधल्या काळात त्या औषधांच्या व्यसनाने अमेरिकेत किती जीव घेतले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता मला सांगा, त्या ६०८ लेखांना मिळून किती रिव्ह्यूअर लागले असतील? त्यांतल्या किती जणांनी ते पत्र उघडून बघितलं असेल? पाच वाक्यं वाचायला एक मिनिट लागतं. हे काम आम्हाला द्या. पेपरातले सगळ्यात महत्त्वाचे पाच संदर्भ मूळ जागी जाऊन वाचायचे आणि लेखक म्हणतो तेच तिथे लिहिलंय का ते बघायचं. कंटाळवाणं आहे, शिकाऊ माणसाला झेपणारं आहे, आणि दहा पेपर असे तपासले की अकरावा स्वतः लिहिताना हात आपोआप सावध होतो. मी सरांच्या एका लेखासाठी हे केलं. अकरा संदर्भांपैकी दोन लेखांत आम्ही म्हणत होतो त्याच्या नेमकं उलट निघालं. सर गप्प झाले. मग म्हणाले, "हा संदर्भ मी दहा वर्षं देतोय."

नावाच्या बाबतीत मी हट्टी आहे असं मला सांगण्यात आलं आहे. असेन. पण नावाचा इतिहास तुमच्याच क्षेत्रात मोठा मजेशीर आहे. थॉमस वेकलीने १८२३ साली 'लॅन्सेट' काढलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचा. सुरुवातीच्या अंकांत त्याने अ‍ॅस्टली कूपर या त्या काळच्या सगळ्यात बड्या सर्जनची व्याख्यानं छापायला घेतली, परवानगी न विचारता. कूपरना पत्ता लागला तेव्हा, हकीकत सांगतात ती अशी, ते म्हणाले छापा, पण त्यातलं माझं नाव काढा. दोनशे वर्षांत काळ असा फिरला की आता विभागातल्या मोठ्यांपैकी कुणीच 'माझं नाव काढा' म्हणत नाही.

जे मॅक्लीन नावाचा एक जण अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा वैद्यकीय विद्यार्थी. रक्त गोठण्याची क्रिया ज्याच्यामुळे चालते अशा पदार्थाचा अभ्यास करायला त्याला सांगितलं होतं. त्याला यकृताच्या अर्कात नेमकं उलट, गोठणं थांबवणारं काहीतरी सापडलं. १९१६ साली त्यावरचा त्याचा लेख छापून आला आणि लेखक म्हणून नाव एकट्या त्याचं. प्रयोगशाळा त्याच्या प्राध्यापकांची, विषय त्यांनी दिलेला. पुढे त्यांनी स्वतः काम चालू ठेवलं, त्या पदार्थाचं 'हेपारिन' हे नावही त्यांच्याकडूनच आलं, आणि शोधाचं श्रेय कुणाचं यावर वाद झाला तो दीर्घकाळ. तो वाद घालता आला याचं कारण १९१६ च्या त्या पानावर छापलेलं नाव. आज तेच काम झालं तर मॅक्लीन सात लेखकांत पाचवा असेल. किंवा आभारात.

लेखक कोण, याच्या चार अटी तुमच्या समितीने घालून दिल्या आहेत. कामात खरा वाटा हवा, लिखाणात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत हात हवा, अंतिम मसुद्याला मान्यता हवी आणि सगळ्याची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही हव्यात. नियम चांगला आहे. तो आमच्यावर कसा वापरला जातो ते सांगते. रेसिडेंट आठ महिने रेकॉर्ड रूममध्ये बसून चारशे केसपेपर उपसते. मग लिखाण वरच्या मजल्यावर होतं, तिला मसुदा दाखवलाच जात नाही, आणि शेवटी सांगतात, तू लिहिलं नाहीस ना, मग दुसरी अट पूर्ण होत नाही. त्याच शिफारशींत पुढे असंही आहे की पहिली अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला लिहिण्याची, मसुदा तपासण्याची संधी मिळायला हवी; संधी नाकारून कुणाला लेखकांतून वगळण्यासाठी या अटी नाहीत. हे वाक्य कुणी वाचत नाही. ते तुमच्या सबमिशनच्या पानावर, जिथे लेखकांची नावं भरायची तिथेच, ठळक अक्षरात टाकता येईल का? एवढं केलंत तरी वरच्या मजल्यावरचे अर्धे दरवाजे उघडतील.

तुम्ही बोलावत नाही म्हणून आम्हाला कुणीच बोलावत नाही असं समजू नका. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची आठवड्याला दोन-तीन आमंत्रणं माझ्या इनबॉक्समध्ये असतात. 'परमआदरणीय प्राध्यापक' असं संबोधन, संपादक मंडळावर जागा, विषय माझ्या शाखेशी सुतराम संबंध नसलेला. एकदा मला मत्स्यविज्ञानाच्या नियतकालिकाने बोलावलं होतं. असली पदं किती सहज मिळतात हे बघायला पोलंडमधल्या काही संशोधकांनी अ‍ॅना ओ. शुस्ट नावाची एक अस्तित्वातच नसलेली विदुषी तयार करून ३६० नियतकालिकांकडे संपादकपदासाठी अर्ज केले. मधलं 'ओ' आडनावाला जोडून वाचलं की त्याचा पोलिश अर्थच मुळी 'लबाड' असा होतो. अठ्ठेचाळिसांनी तिला पद देऊन टाकलं. हे २०१७ साली 'नेचर'मध्ये आलं. आमच्यातल्या काहींना असली पदं खरी वाटतात, बायोडेटात घातली जातात, आणि त्यांना हसणं सोपं आहे. पण पुढचं दार बंद आणि मागच्या दाराने कुणीतरी हार घेऊन उभा, असं असेल तर नवखा माणूस कुठे जाईल?

काहींनी पुढचं दार उघडलंय, हेही लिहायला हवं. 'जामा'ची संपादनाची फेलोशिप आहे, 'न्यू इंग्लंड जर्नल'ची आहे, 'बीएमजे'कडे तरुण डॉक्टर काही काळ संपादक म्हणून काम करतात. तिथे जाऊन आलेल्यांचं वाचलं की हेवा वाटतो. पण या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि त्यासाठी बऱ्याचदा दवाखाना सोडून पूर्णवेळ तिथे जाऊन बसावं लागतं. मी लहान नियतकालिकांबद्दल बोलतेय, जिथे एक संपादक, एक सहायक आणि न आलेल्या रिव्ह्यूंचा ढीग असतो.

तिथे करायला फार लागत नाही. रिव्ह्यूच्या फॉर्मवर एक चौकट: हे परीक्षण करताना आणखी कुणी मदत केली का? नाव? गोपनीयता मान्य आहे ना? विभागातल्याच कुणाच्या पेपरवर रेसिडेंटला बसवू नका, तिला उद्या त्यांच्याच हाताखाली परीक्षा द्यायची असते. आणि निर्णय झाला की त्या पेपरवरचे दुसऱ्या रिव्ह्यूअरचे शेरे आणि तुमचं निर्णयाचं पत्र तिलाही पाठवा. मला वाटतं सगळ्यात जास्त शिकायला यातून मिळेल. मी तक्त्यावर अडून बसले होते; दुसऱ्याने काय बघितलं? तुम्ही कुणाचं ऐकलंत, आणि का? कार्यशाळांनी हे होत नाही. 'बीएमजे'ने २००४ मध्ये रिव्ह्यूअरना छोटं प्रशिक्षण देऊन बघितलं, फरक पडला तो किंचित. टाके घालायला आम्ही व्याख्यान ऐकून शिकलो नाही. कुणीतरी शेजारी उभं होतं आणि म्हणत होतं, खोल जातेय सुई, काढ, परत घे.

'विद्यार्थी विभाग' नावाचं शेवटचं पान मात्र नको. तिथे ताणतणाव आणि पहिल्या पोस्टमॉर्टेमच्या आठवणी छापतात आणि कुणी काही खोडत नाही. माझं लिखाण खोडा. सरांचं खोडता तसंच.

वेळेचं काय, असं तुमच्यापैकी एकांनी मला एका परिषदेत विचारलं होतं. ड्यूटी कमी करणं तुमच्या हातात नाही हे मान्य. पण आम्ही ते काम आजही करतोच आहोत. तुमच्या फॉर्मला दिसत नाही एवढंच.

हे पत्र अर्धं लिहून झालं होतं तेव्हा सरांचा परत मेल आला. "जरा बघून ठेव." पेपर जोडलेला. मी तो उघडला नाही. दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, सर, करते, पण संपादकांना माझं नाव कळवायचं असेल तर. मला वाटलं ते चिडतील. ते थोडा वेळ पेनचं टोपण उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "कळवू की. पण कुठे लिहायचं?"

मग आम्ही दोघं त्यांच्या कॉम्प्युटरवर फॉर्म उघडून बसलो. पहिलं पान, दुसरं पान, हितसंबंधांचं पान. गुण द्यायच्या सात चौकटी. अशी जागा कुठेच नव्हती. शेवटी 'फक्त संपादकांसाठी' या रकान्यात सरांनी पहिल्या ओळीत लिहिलं, की या परीक्षणात माझ्या विभागातल्या निवासी डॉक्टरचा सहभाग असेल, तिला गोपनीयतेची कल्पना दिली आहे, आपली हरकत असल्यास कळवावं. खाली माझं नाव. तेच त्यांनी मेलनेही पाठवलं.

याला नऊ दिवस झाले. रिव्ह्यूची मुदत येत्या शुक्रवारी संपते. पेपर मी अजून उघडलेला नाही. तो तुमच्यापैकी ज्यांच्याकडचा आहे त्यांनी कृपया मेल बघावा.

आपली,
तिसऱ्या वर्षाची एक निवासी डॉक्टर